वेरूळच्या राणीला छप्पर द्या : नौदल हवाई शाखेला खुले पत्र

प्रति,
माननीय ध्वजाधिकारी,
नौदल हवाई शाखा आणि गोवा नौदल क्षेत्र, गोवा

महोदय,

सप्रेम नमस्कार.

बोगमाळ्याला जाताना तुमचं नौदल हवाई संग्रहालय लागतं. तिथे तीन शेपट्यांचं एक लांबलचक विमान उघड्यावर उभं आहे. आयएन ३१५, सुपर कॉन्स्टलेशन. त्याच्यावर छप्पर घाला, एवढीच या पत्राची मागणी. बाकीचं सगळं लिहितो आहे ते ही मागणी का आणि आत्ताच का, हे सांगायला.

आधी आभार मानतो, कारण ते आम्ही विमानवेडे लोक सहसा विसरतो. १९८३ साली सेवेतून उतरलेलं चार इंजिनांचं विमान किलोच्या भावानं काढून टाकायला कुणाचीच हरकत नव्हती. नौदलानं तसं केलं नाही. १९९८ साली संग्रहालय उघडलं तेव्हा जी विमानं लोकांसमोर आली त्यांच्या जोडीनं हेही उभं राहिलं. तक्रार करायला आज आमच्यासमोर विमान आहे, ते तुमच्या आधी त्या खुर्चीत बसलेल्या कुणीतरी योग्य निर्णय घेतला म्हणून.

मात्र तिथे येणाऱ्या माणसांकडे थोडा वेळ बघत उभं राहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. पर्यटकांची बस येते. मुलं धावत सी हॅरियर या लढाऊ विमानाकडे जातात, आईवडील फोटो काढतात. कॉन्स्टलेशनपाशीही गर्दी होते, पण ती बहुतेक तिच्या पोटाखाली सावली पडते म्हणून. पाण्याच्या बाटल्या निघतात, कुणी चपला काढून टेकतं. आपण कुणाच्या सावलीत बसलो आहोत हे त्यांना माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

हे विमान म्हणजे एअर इंडिया इंटरनॅशनलची 'राणी ऑफ एलोरा', नोंदणी व्हीटी-डीएचएम. आपल्या वेरूळची राणी. कंपनीनं १९५४ पासून सुपर कॉन्स्टलेशन घ्यायला सुरुवात केली आणि प्रत्येकीला राणीपद दिलं. एक झाशीची, एक अजिंठ्याची, एक चितोडची. त्याआधीच्या धाकट्या कॉन्स्टलेशन 'प्रिन्सेस' होत्या. त्यांतल्या 'मलबार प्रिन्सेस'नं ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडन गाठलं आणि स्वतंत्र भारताची पहिली आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. पुढे या राण्यांनी टोकियो जोडलं, १९५६ मध्ये सिडनी, १९५८ मध्ये मॉस्को. सांताक्रूझच्या गॅलरीत उभं राहून रुमाल हलवणाऱ्या एका अख्ख्या पिढीनं परदेशी जाणारं माणूस पाहिलं ते या विमानाच्या जिन्यावर.

मग १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं. १९६२ पर्यंत एअर इंडियाचा सगळा ताफा जेटचा झाला आणि जेमतेम सात-आठ वर्षं वापरलेल्या राण्या एकाएकी म्हाताऱ्या ठरल्या. त्या हवाई दलाकडे गेल्या, सहाव्या स्क्वॉड्रनमध्ये, पुण्याला. लोहगावहून उडून अरबी समुद्रावर टेहळणी करायची, जहाजं शोधायची, असं काम. १९७६ साली समुद्रावरच्या दूर पल्ल्याच्या टेहळणीची जबाबदारी हवाई दलाकडून नौदलाकडे आली, तेव्हा पाच सुपर कॉन्स्टलेशन तुमच्या ताब्यात आल्या आणि ३१२ क्रमांकाचं स्क्वॉड्रन उभं राहिलं. ते स्क्वॉड्रन आजही अरक्कोणमहून पी-८आय ही टेहळणी विमानं उडवतं. म्हणजे नौदलाच्या लांब पल्ल्याच्या टेहळणीचा वंशवृक्ष काढायला बसलात तर मुळाशी हेच तीन शेपट्यांचं विमान निघतं.

मुंबईचे प्रवासी, पुण्याचं हवाई दल, गोव्याचं नौदल. एका विमानाच्या नशिबी एवढं सगळं क्वचित येतं.

दाबोळीचा तर आणखी एक किस्सा आहे, तो तिथल्या फलकावर असायला हवा असं मला फार वाटतं. १८ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची लढाई. विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा बाँबर विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. हुकूम स्पष्ट होता : धावपट्टी निकामी करायची, इमारतींना हात लावायचा नाही. विमानतळावर त्या वेळी पोर्तुगीजांची दोन मोठी प्रवासी विमानं उभी होती. एक डीसी-४ आणि दुसरं, ऐका, सुपर कॉन्स्टलेशन. दोन्ही शाबूत राहिली. त्या रात्री खड्डे कसेबसे बुजवून, धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून दोन्ही विमानं बायकामुलांना घेऊन अंधारात उडाली आणि कराचीला पोचली. आज त्याच धावपट्टीच्या शेजारी त्याच जातीचं विमान उभं आहे. असा योग दुसऱ्या कुठल्या देशाच्या वाट्याला आला असता तर त्यांनी शाळेच्या सहली काढल्या असत्या.

आता छपराकडे येतो.

अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. विमानाचं अ‍ॅल्युमिनियम निव्वळ नसतं, त्यात तांबं मिसळलेलं असतं. ताकद त्यानं येते आणि खाऱ्या हवेत ते सडतंही त्यानंच. म्हणून पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. तो थर कुठे ओरखडला, किंवा पोलादी बोल्ट पत्र्याला टेकतो त्या फटीत खारं पाणी मुरलं, की काम सुरू. समुद्राकाठी बाहेर उभ्या असलेल्या कुठल्याही जुन्या विमानाजवळ जा आणि रिव्हेटच्या ओळीवरून नजर फिरवा. रंगाला बारीक फोड आलेले दिसतील. नखानं टोकरलं तर खालून पांढरी भुकटी निघते आणि पत्रा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटलेला असतो. फोडावर नवा रंग मारला की लांबून विमान झकास दिसतं, आत सड चालूच राहते. विमानाच्या पोटाला पाणी निचरायला भोकं ठेवलेली असतात. त्यांत पाचोळा अडकला किंवा कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं की पावसाचं पाणी आतच साचतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तुमचं आवार समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. हिशेब तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला कळतो. जहाजांच्या गंजाशी नौदलाची रोजचीच झुंज असते.

या विमानाला तीन शेपट्या का, हे संग्रहालयात येणारा प्रत्येक जण विचारतो. एकच शेपटी ठेवली असती तर ती फार उंच झाली असती आणि विमान त्या काळच्या हँगरमध्ये शिरलं नसतं. म्हणून एकीच्या जागी तीन ठेंगण्या. म्हणजे छपराखाली मावावं म्हणून ज्याचा आकार असा बेतला, ते विमान चार दशकांहून अधिक काळ आभाळाखाली उभं आहे.

मागतोय ते काही महाल नव्हे. पंखांचा विस्तार ३७.५ मीटर, लांबी पस्तीस मीटरच्या आसपास, शेपटीची उंची साडेसात मीटर. मध्ये खांब नसलेला एवढा शेड चाकणला, अंबडला, तुमच्या शेजारच्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत सर्रास उभा राहतो. बाजू उघड्या राहिल्या तरी चालतील. हवा खेळती हवी, ऊन-पाऊस थेट नको. अडचणी आहेत, मान्य. विमानतळाजवळ उंचीचे नियम आहेत, किनाऱ्याजवळ बांधकामाचे नियम आहेत, वादळी वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून पाया भक्कम लागेल. पण चालत्या नौदल विमानतळावर हँगर बांधायचा अनुभव तुमच्याइतका दुसऱ्या कुणाकडे असणार?

पैशाचं म्हणाल, तर कंपनी कायद्याच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या यादीत राष्ट्रीय वारशाचं जतन स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि जानेवारी २०२२ पासून एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आहे. ही राणी आली तेव्हा कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं खरं, पण अध्यक्षपदी जेआरडीच होते. त्या घराकडे एका छपरासाठी शब्द टाकायला संकोच कसला? जेआरडींना स्वतःच्या विमानाच्या पडद्यांचा रंगही दिसायचा असं जुने कर्मचारी सांगतात. त्यांना गंज नक्की दिसला असता.

आता 'आत्ताच का' याचं उत्तर. आपल्या कायद्यात जुन्या विमानाला कसलंही संरक्षण नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय पुरावशेष ठरत नाही. पन्नासच्या दशकातलं विमान त्या व्याख्येत बसायला शतकाचा मध्य उजाडेल. तोवर ते राहील की जाईल हे ठरवणार खुर्चीवर बसलेला अधिकारी, आणि खुर्चीवरचा अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. एकानं मनावर घेतलं, दुसऱ्याला अडगळ वाटली, की संपलं.

मुंबईकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. आयएनएस विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. आमच्यातल्या अनेकांनी तिच्या डेकवर उभं राहून पहिल्यांदा सी हॉक आणि अलिझे या नौदलाच्या विमानांना हात लावला, १९७१ च्या युद्धाची गोष्ट तिथेच ऐकली. २०१२ मध्ये तिचं संग्रहालय बंद झालं. तिला वाचवायची धडपड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१४ मध्ये तिथे संपली. दारूखान्यात तिचे तुकडे झाले, आणि पुढे त्या लोखंडाचा अंश असलेली मोटरसायकल बाजारात आली तेव्हा लोकांनी ती कौतुकानं घेतली. मी घेतली नाही, पण घेणाऱ्यांना नावंही ठेवत नाही. त्यांना दुसरं काही हातात मिळणारच नव्हतं. जहाज फार मोठं होतं, खर्च फार होता, हे तेव्हाचं म्हणणं एक वेळ समजून घेता येतं. एका विमानाच्या बाबतीत ते म्हणता येणार नाही.

याच्या उलट गोष्टही आपल्याच अंगणातली आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर बाँबर निकामी करून टाकून दिले होते. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यांतली चाळीसच्या आसपास विमानं जुळवून उडवण्याजोगी केली आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला नेली. ती हवाई दलानं १९६८ पर्यंत वापरली, शेवटी पुण्याच्या त्याच सहाव्या स्क्वॉड्रनमध्ये. तोवर जगात बाकी ठिकाणी लिबरेटर जवळजवळ संपले होते. मग पाहुणे यायला लागले. १९६८ मध्ये एक विमान कॅनडाला गेलं, १९६९ मध्ये एक अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला, १९७४ मध्ये एक ब्रिटनला. तिन्ही स्वतः उडत गेली. आज ती तिथल्या संग्रहालयांत छपराखाली, झाडूनपुसून उभी आहेत. आपण वीस वर्षं चालवून दाखवलं. जपायची अक्कल मात्र समुद्रापलीकडून आली. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात एक राहिलं, हे त्यातल्या त्यात नशीब.

कॉन्स्टलेशनचं बाहेर काय चाललंय तेही बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दक्षिणेला स्वयंसेवकांच्या एका संस्थेनं अमेरिकेच्या वाळवंटात पडलेली कॉन्स्टलेशन वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी खपून दुरुस्त केली आणि १९९६ मध्ये पॅसिफिक ओलांडून घरी नेली. न्यू यॉर्कच्या केनेडी विमानतळावर एका कॉन्स्टलेशनचा चक्क बार केलाय. कुणाला आवडेल, कुणाला नाही, मला स्वतःला विमानात बसून दारू प्यायची तर ते उडत असावं असं वाटतं. लुफ्तान्सानं २००७ मध्ये तीन विमानं घेतली, एक उडवायच्या ध्यासानं दहा वर्षं अमाप पैसा ओतला आणि २०१८ मध्ये हात टेकले. म्हणून सांगतो, आमच्यापैकी कुणीही शहाणा माणूस 'राणीला परत उडवा' असं म्हणणार नाही. ते डोक्यातूनच काढा. ती उभी राहू दे, पण कोरडी.

रंगाबद्दल आमच्यात कायम भांडण असतं. अर्ध्यांना वाटतं तिला पुन्हा एअर इंडियाचा लाल पट्टा आणि महाराजा द्यावा. फोटो छान येतील यात शंका नाही. माझं मत उलट आहे. तिची शेवटची नोकरी नौदलाची, तर गणवेशही नौदलाचाच राहावा. पण पुढच्या वेळी रंगाचं काम निघेल तेव्हा एक विनंती : वाळूचा फवारा मारून सगळं खरवडू नका. आधी दोन-चार ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत, एकेक थर हळूच घासून बघा. नौदलाच्या खाली हवाई दल आणि त्याच्याखाली, राहिला असेल तर, तो लाल रंग सापडेल. झाडाच्या वलयांसारखे ते थर एका चौकोनात उघडे ठेवून वर काच लावली, तर कुठल्याही माहितीफलकापेक्षा जास्त लोक तिथे थांबतील.

छप्पर उशिरानं झालं तरी एकदाचं होईल. माणसांचं तसं नाही. आमच्या ओळखीतले एक आजोबा कलिन्याच्या वर्कशॉपमध्ये पन्नासच्या दशकात उमेदवार म्हणून लागले होते. हाताला आता कंप आहे, पण या विमानाच्या, राइट कंपनीच्या इंजिनाबद्दल विचारलं की ताठ बसतात. एका इंजिनाला अठरा सिलिंडर, चार इंजिनांचे बहात्तर, दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. रात्रपाळीला नव्या पोरांना प्लग काढायला बसवायचे. दर इंजिनाला तीन टर्बाइन असत, बाहेर जाणाऱ्या धुराची ताकद परत वापरायला. ती इतक्यांदा बिघडत की मेकॅनिक लोक म्हणायचे, ही ताकद नव्हे, सुटे भाग परत मिळवायची यंत्रणा आहे. आणि जगातलं सगळ्यांत उत्तम तीन इंजिनी विमान हेच, अशी थट्टा चालायची, कारण चौथं बरेचदा बंद पडलेलं असायचं. धुराड्यातून निघणाऱ्या ज्वाळेच्या रंगावरून फ्लाइट इंजिनिअर इंधन आणि हवेचं मिश्रण ओळखायचा, हे सांगताना आजोबा हाताची बोटं जुळवून ज्योत केवढी हवी ते दाखवतात. निळी, आखूड.

हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये या आवाजात मिळणार नाही. तुमच्या ३१२ स्क्वॉड्रनमध्ये १९७६ ते १९८३ या काळात जे नौसैनिक वीस-बावीस वर्षांचे होते, ते आज साठी-सत्तरीत आहेत. बरेच जण वास्कोत, कारवारला, कोकणात, पुण्यात स्थायिक झालेले असतील. प्रत्येकी दोन तास बोलायला लावा आणि ध्वनिमुद्रित करून ठेवा. मराठीत, कोंकणीत, मल्याळममध्ये, ज्याला जी भाषा येते तीत. बारा-चौदा तास समुद्रावर घिरट्या घालताना जेवण कुठं गरम करत, झोप कशी काढत, रडारवाल्याचे डोळे कसे चुरचुरत, हे विचारा. आम्ही विचारायला तयार आहोत, पण माजी नौसैनिक अनोळखी विमानवेड्यापेक्षा आपल्या दलाच्या पत्राला लवकर उत्तर देतो. पत्र तेवढं तुमच्या सहीनं जाऊ दे. लॉगबुकं आणि जुने फोटो ज्यांच्या कपाटात असतील, त्यांच्या नकला त्याच वेळी मागून घेता येतील. मूळ कागद त्यांच्याकडेच राहू देत, नाहीतर कुणी देणार नाही.

तुमच्याकडच्या बाकीच्या विमानांवर मी मुद्दाम फारसं लिहिलं नाही. अलिझे, सी हॉक, सी हॅरियर, सगळ्यांनाच छप्पर मिळायला हवं. पण पैसा एकाच छपराचा असेल तर तो राणीला द्या. सी हॅरियर देशात आणखीही ठिकाणी उभी आहेत, आणि लहान विमान वेळ पडली तर एखाद्या दालनात ढकलता येतं. हिला ढकलायला दालनच नाही.

छप्पर मंजूर होईपर्यंत जे बिनखर्चाचं आहे ते तरी सुरू करता येईल. पावसानंतर गोड्या पाण्यानं धुणं, निचऱ्याची भोकं मोकळी करणं, इंजिनांची तोंडं झाकणं, चाकांवरचा भार काढून टेकू देणं. यासाठी मनुष्यबळ कमी पडत असेल तर मुंबई-पुण्याहून स्वखर्चानं येणारे लोक आम्ही जमवू. त्यांत निवृत्त विमान तंत्रज्ञ आहेत, गंजावर काम केलेले एक धातुतज्ज्ञ आहेत, आणि नुसतेच हौशी माझ्यासारखे, ज्यांना फडकं आणि बादली द्यावी. सुरक्षेसाठी ओळखपत्रं, पोलीस पडताळणी, जे नियम असतील ते मान्य. तळाच्या आत यायची गरज नाही, संग्रहालयाच्या आवारातच काम आहे.

ऑक्टोबरात पाऊस उघडला की पहिली पाहणी करून घ्यावी असं वाटतं. शिडी, टॉर्च आणि हातमोजे आम्ही आणू. दार उघडायची परवानगी तेवढी हवी.

कळावे,
आपला,
ठाण्याचा एक विमानवेडा, आणि माझ्यासारखे बरेच